खुलासा : लिथियमसाठी नायट्रोजन निष्क्रिय नाही

‘बॅटरीतल्या लिथियमचा नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी तयार करताना नायट्रोजनच्या पेटीत ठेवला की पुरे, तो वायू निष्क्रिय असतो,’ असा मजकूर विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे. हे चूक आहे. साध्या तापमानालाही लिथियमची नायट्रोजनशी अभिक्रिया होते, ओलाव्याचा अंश असेल तर अधिकच. चकचकीत धातूवर लिथियम नायट्राइडचा काळपट थर चढतो, आणि कित्येक दिवस खपून आपण अणूंची रचना पाहतो ती या थराची! ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत) आरगॉन हा खरोखर निष्क्रिय वायूच भरावा.

मग स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 साली लिथियमचे डेंड्राइट (बॅटरीत वाढणारे फांद्यांसारखे स्फटिक) थेट द्रव नायट्रोजनमध्ये कसे बुडवले? प्रश्न रास्त आहे. गोंधळ बहुधा इथूनच झाला असावा. उणे 196 अंश सेल्सियसला ही अभिक्रिया जवळजवळ थांबते. शिवाय थंडीमुळे इलेक्ट्रॉन शलाकेने होणारी हानी घटते, म्हणून तर त्यांना अणूंच्या रांगा स्पष्ट दिसल्या. पण हे संरक्षण थंडीचे आहे, नायट्रोजनचे नव्हे. म्हणून थंड नमुन्याला बाहेरची हवा लागू नये यासाठी, तो सूक्ष्मदर्शकात सरकवताना धारकाची (नमुना धरणाऱ्या दांड्याची) झडप बंदच ठेवावी. आत निर्वात झाल्यावरच ती उघडावी.