संत्र्याच्या शिडीला पाणी पाजू नका

वरुड-मोर्शीकडच्या वेल्डिंगवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. काल तो भाच्यानं मला पाठवला, "मामा, करून पाहू का?" असं विचारत. मेसेज असा: "अ‍ॅल्युमिनियमची शिडी वाकली असेल किंवा तिला आर्गन मारला (आर्गन वायूत वेल्डिंग केलं) असेल, तर त्या जागी साबण चोळा. गॅसच्या टॉर्चनं तापवा. साबण काळा पडला की लगेच पाणी मारा. लोखंडावानी कडक होते. कोणतंही अ‍ॅल्युमिनियम चालते. वेल्डिंगनं गेलेली ताकद परत येते. उन्हानं शिड्या नरम पडतात, म्हणून दर उन्हाळ्यात करा."

नको करू, बाबा. तोडणीच्या वेळी त्या शिडीवर माणूस चढणार आहे.

साबणाची खूण खरी आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. अ‍ॅल्युमिनियम तापून लाल दिसत नाही. वितळायला आलं तरी दिवसाउजेडी ते पांढरंच दिसतं, आणि अंदाज चुकला की हातातच बसतं. म्हणून पत्रेकाम करणारे जुने कारागीर साबण चोळतात. तो काळा पडला की धातू ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला असं समजतात. पण ते हे करतात पत्रा मऊ व्हावा म्हणून, ठोकताना तडकू नये म्हणून! मऊ करायची रीत या मेसेजमध्ये कडक करायची म्हणून सांगितली आहे.

घोळ लोहाराच्या भट्टीपासून सुरू होतो. वखराच्या पासेला पाणी पाजलं की पोलाद त्याच क्षणी कडक होतं. अ‍ॅल्युमिनियम पाण्यातून निघतं तेव्हा मऊच असतं. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबं आणि मॅग्नेशियम घातलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर काम करत होता. तापवून पाण्यात विझवलेला तुकडा लगेच कडक नव्हता, तो नुसता पडून राहिल्यावर कडक झाला. ड्युरॅल्युमिन हा कडक मिश्रधातू त्यातूनच आला. कडकपणा येतो पाण्यानंतर, आणि वेळ घेऊन.

शिडीचं उदाहरण म्हणून ६०६१ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू घ्या, बाजारात याला एचई-२० म्हणतात. त्यात शंभरात साधारण १ भाग मॅग्नेशियम आणि ०.६ भाग सिलिकॉन असतं. हे दोन्ही धातूत पुरते विरघळायला ५३० अंश लागतात, पाच अंश इकडे-तिकडे, आणि ३ मिमी जाडीला अर्धा-पाऊण तास. मग भट्टीतून काढून १०-१५ सेकंदांत पाण्यात. पाणी ४० अंशांच्या खाली हवं. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या ड्रमचं पाणी तिथपर्यंत आधीच आलेलं असतं, हेही ध्यानात घ्या. यानंतर १७५ अंशांवर सलग ८ तास. तेव्हा कुठे आत बारीक कण तयार होतात, धातूचे थर एकमेकांवरून सरकायला अडवतात आणि ताकद येते. याला टी-६ म्हणतात.

साबणाच्या ४०० अंशांवर यातलं फार थोडं विरघळतं. उलट आधीचे बारीक कण एकत्र येऊन जाडे होतात आणि अडवायचं काम सोडतात. टी-६ मधलं ६०६१ साधारण २७६ मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणापर्यंत कायमचं वाकत नाही. पूर्ण मऊ केलेलं ५५ लाच वाकतं, म्हणजे पाचव्या हिश्शावर. टॉर्चच्या चार मिनिटांत ते ५५ पर्यंत उतरणार नाही, पण उतरणार नक्की, आणि किती उतरलं ते डोळ्यांना दिसणार नाही. शिडी तशीच चकचकीत दिसते. मऊ पडलेला पट्टा चढणाऱ्याच्या वजनाखाली दुमडतो.

वेल्डिंगचंही तेच. आर्गन मारला की जोडाच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेक इंच पट्टा मऊ पडतो. टी-६ची तुटण्याची ताकद ३१० मेगापास्कल असते. जोडाजवळ हिशेब १६५ नंच धरतात. ती परत आणायची तर अख्खा तुकडा भट्टीतून वर सांगितल्याप्रमाणे काढावा लागतो. एका जागी टॉर्च फिरवला तर मऊ पट्टा आणखी रुंद होतो. शिडीचा उभा दांडा तडकला असेल तर तो जोडूच नका, भंगारात द्या.

"कोणतंही अ‍ॅल्युमिनियम" म्हणणं तर साफ चूक. स्वयंपाकाचा गंज (पातेलं), छपराचा पत्रा यांना ताकद लाटण्या-ठोकण्यातून आलेली असते. तापवून गेली की गेली, कितीही पाणी पाजा. गाडीच्या इंजिनाची दाबून ओतलेली झाकणं ५०० अंशांपुढे नेली तर आत अडकलेली हवा फुगते आणि वर फोड येतात.

राहिलं ऊन. चंद्रपूरचा पारा ४७ वर गेला तरी शिडी १०० अंशांच्या खूप खाली असते. जी १७५ वर आठ तास भाजून तयार झाली, तिला उन्हानं काही होत नाही. हात भाजतात, एवढंच.

ज्यांनी हे आधीच करून ठेवलंय, त्यांनी एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे कडकपणा मोजून घ्यावा. टी-६ ला ब्रिनेल या कडकपणाच्या मापात ९५ च्या आसपास भरतं, पूर्ण मऊला ३०. तापवलेल्या जागी आणि लांब, दोन्हीकडे मोजा. आकड्यांत फरक निघाला तर त्या शिडीवर कोणाला चढवू नका.