निकाल तेवढा मागू नका

महाराष्ट्रात नवा घोटाळा उघडकीस आला की मला आता धक्का बसत नाही, वैताग येतो. कारण राजीनामा, चौकशी आयोग, अहवाल, स्थगिती आणि पक्षांतर हा पुढचा सगळा क्रम तोंडपाठ झाला आहे.

मुंबईत कुलाब्याच्या ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेचेच घ्या. कारगिलच्या वीरांचे नाव जिच्याशी जोडले गेले, त्या 31 मजली इमारतीतील सदनिका राजकारणी, अधिकारी आणि त्यांच्या नातेवाइकांनी लाटल्याच्या आरोपावरून 2010 मध्ये गदारोळ झाला आणि काँग्रेसचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पायउतार व्हावे लागले. आयोगाचा अहवाल डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळात आला, तर सरकारने तो आधी फेटाळला आणि टीकेची झोड उठल्यावर काही अंशी स्वीकारला! चव्हाणांवर खटला भरण्याची परवानगी एका राज्यपालांनी नाकारली, दुसऱ्यांनी 2016 मध्ये दिली आणि 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. इमारत पाडण्याचा उच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकला. ज्या भाजपने या प्रकरणावरून रान उठवले होते, त्याच पक्षातून चव्हाण 2024 मध्ये राज्यसभेवर गेले. ते निर्दोष असतील तर भाजपने इतकी वर्षे बोंब कशाला मारली, आणि नसतील तर त्यांना पायघड्या कशाला घातल्या?

याची किंमत आम्ही मोजतो. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद व्हावी म्हणून मी महसूल कार्यालयाचे उंबरठे झिजवतो आहे; कधी दाखल्याची प्रत पुसट असते, कधी साहेब दौऱ्यावर असतात, फेरफार मात्र जागचा हलत नाही. बाहेरच्या दलालाने ‘चहापाण्याचे’ पाचशे मागितले आणि मी तक्रारीची भाषा करताच तो शांतपणे म्हणाला, “अहो साहेब, तिकडे अख्खी बिल्डिंग पचली, तुम्ही आमच्या पाचशेवर काय डोळा ठेवता?” रांगेतली माणसे हसली, आणि हसणाऱ्यांत निम्मे जण पाकीट काढूनच उभे होते.

आणि मग मतदानाचा टक्का घसरला की प्रशासन शाळकरी मुलांना फलक देऊन उन्हात जनजागृतीच्या फेऱ्या काढायला लावते, जणू आम्हाला मतदानाची तारीखच ठाऊक नसते! त्या पोरांना घरी बसवा आणि कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही बड्या माणसाच्या एका तरी प्रकरणाचा, सुटला तर सुटला आणि अडकला तर अडकला, पण शेवटचा निकाल आमच्या हयातीत लावून दाखवा.