कॉन्स्टँटिनोपल आणि सागरी मोहिमा : एक खुलासा

‘१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून व्यापाराचा मार्ग बंद केला, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गाच्या शोधात निघाले’, हे स्पर्धापरीक्षांच्या टिपणांतून सतत फिरणारे विधान कालक्रमाशी जुळत नाही. पोर्तुगिजांनी उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सेउटा घेतले ते १४१५ मध्ये. पोर्तुगीज दर्यावर्दी जिल इयानिश पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे बोजादोर भूशिर ओलांडून गेला १४३४ मध्ये. आणि पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची पोर्तुगालच्या लागुश बंदरात मोठी विक्री झाली ती १४४४ मध्ये. या आरंभीच्या मोहिमांना सहारापलीकडच्या सोन्याचा व गुलामांच्या व्यापाराचा लोभ, मूरांविरुद्धच्या (उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिमांविरुद्धच्या) धर्मयुद्धाची ईर्ष्या आणि प्रेस्टर जॉन या दंतकथेतल्या ख्रिस्ती राजाशी हातमिळवणी करण्याची आशा, अशी सरमिसळ प्रेरणा होती.

मसाल्यांचे आकर्षण खरेच होते, पण त्यांचा मुख्य मार्ग अलेक्झांड्रिया व बैरूतवरून जात असे आणि ती बंदरे इजिप्त व सीरियावर राज्य करणाऱ्या मामलूक सुलतानांच्या ताब्यात होती. तेथे व्हेनिसचे व्यापारी १४५३ नंतरही खरेदी करतच राहिले. पोर्तुगालला खुपत होती ती ही मक्तेदारी आणि वाटेतल्या दलालांमुळे चढणारी किंमत. ऑटोमन तुर्कांनी इजिप्त जिंकले १५१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचल्यानंतर एकोणीस वर्षांनी, आणि गोवा पोर्तुगिजांकडे गेल्यानंतर सात वर्षांनी.