जंताची गोळी, अननसाचं एन्झाइम आणि ‘दडपलेला’ इलाज

गेली काही वर्षं एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. आयव्हरमेक्टिन, फेनबेंडाझोल, मेबेंडाझोल ही जंतांवरची स्वस्त औषधं घ्या, जोडीला अननसातलं ब्रोमेलेन आणि पपईतलं पपेन ही एन्झाइम घ्या, कर्करोग बरा होतो. प्रयोगशाळेत हे सिद्ध झालं आहे. एक माणूस तर तीन महिन्यांत ठणठणीत झाला. या औषधांचं पेटंट संपलेलं असल्यामुळे कंपन्या आणि डॉक्टर ही माहिती दडवतात. आणि घेऊन बघायला तोटा काहीच नाही.

हा मेसेज पुढे पाठवणारे बहुतेकजण दुष्ट नसतात. घरात कुणाचा तरी बायोप्सीचा रिपोर्ट आलेला असतो आणि हात बांधून बसवत नाही. म्हणूनच ‘अफवा आहे, डिलीट करा’ एवढ्यावर हा विषय सोडणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय मेसेजमधली सगळीच वाक्यं खोटी नाहीत. खऱ्या वाक्यांच्या आधाराने खोटा निष्कर्ष उभा केला आहे आणि तो कुठे निसटतो, ते एकेक मुद्दा घेऊन पाहायला हवं.

पहिला मुद्दा: ‘प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, आयव्हरमेक्टिनला नोबेलही मिळालंय.’ २०१५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना मिळालं हे खरं. पण ते रिव्हर ब्लाइंडनेस आणि हत्तीरोग यांसारख्या कृमींच्या आजारांवरच्या कामासाठी होतं. त्याचा कर्करोगाशी संबंध नव्हता. आयव्हरमेक्टिनमुळे काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मरतात, हेही खरं. प्रश्न मात्रेचा आहे. असे प्रयोग बहुतेक वेळा ५ ते १० मायक्रोमोलर (द्रवात औषध किती तीव्र आहे ते मोजण्याचं एकक) किंवा त्याहून जास्त तीव्रतेचं औषध वापरतात. जंतांसाठीचा नेहमीचा डोस घेतल्यावर माणसाच्या रक्तात औषधाची पातळी मिलिलीटरमागे साधारण ५० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असते, म्हणजे सुमारे ०.०५ मायक्रोमोलर. फरक शंभर पटींचा आहे. त्यातही रक्तातलं बरंचसं औषध प्रथिनांना चिकटलेलं असतं, मोकळं फिरत नाही. गोळ्या शंभर पटींनी वाढवून ही दरी बुजत नाही, कारण त्याच्या खूप आधी मज्जासंस्थेवर परिणाम होऊ लागतात: तोल जाणं, गोंधळ, झटके, बेशुद्धी.

मेबेंडाझोलची गोष्ट याहून बोलकी आहे. ते पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला अडवतं. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधांचं लक्ष्यही तेच प्रथिन, त्यामुळे संशोधकांना आशा वाटणं स्वाभाविक होतं. अडचण अशी की हे औषध आतड्यातून रक्तात फारच कमी शिरतं. आतड्यातल्या जंतांसाठी तो गुण आहे, शरीरात दुसरीकडे असलेल्या गाठीसाठी तोच दोष ठरतो. स्वीडनमध्ये उप्साला इथे पचनसंस्थेच्या पसरलेल्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांवर छोटी चाचणी झाली. रक्तातली पातळी मोजून प्रत्येकाचा डोस वाढवत नेला, तरी सगळ्यांना अपेक्षित पातळी गाठता आली नाही आणि एकाचीही गाठ आकसली नाही. कल्पनेला न्याय मिळाला, योग्य रीतीने तपासली गेली आणि उत्तर नकारार्थी आलं.

‘एक माणूस बरा झाला.’ अमेरिकेतल्या एका फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णाची ही गोष्ट आहे. त्याने कुत्र्यांना देतात ते फेनबेंडाझोल घेतलं आणि त्याच्या स्कॅनमध्ये आजार दिसेनासा झाला. मेसेजमध्ये गाळलेला भाग असा: त्याच काळात तो पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधाच्या, चाचणीतही होता. या औषधाने थोड्या रुग्णांत का होईना, दीर्घकाळ टिकणारी सुधारणा होते. मग श्रेय कुणाला द्यायचं? एका माणसावरून ते ठरवताच येत नाही. २०१९ मध्ये ही गोष्ट व्हिडिओंमधून दक्षिण कोरियात पोचली आणि तिथे लोकांनी जनावरांचं औषध विकत घ्यायला गर्दी केली. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या तिथल्या एका विनोदी कलाकाराने ते जाहीरपणे सुरू केलं. काही महिन्यांनी उपयोग होत नाही असं त्यानेच सांगितलं आणि थांबवलं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. ही गोष्ट कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता एन्झाइम. इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात चतुराईने केलेला दावा इथला आहे: ‘ब्रोमेलेन केमोच्या फ्लोरोयुरॅसिलपेक्षा सरस ठरलं.’ असा अभ्यास खरोखर आहे, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला. तो उंदरांवर होता. उंदरांमध्ये गाठीच्या पेशी सोडल्या आणि २४ तासांनी ब्रोमेलेन द्यायला सुरुवात केली, तेही पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने. ज्या प्रकारात ते फ्लोरोयुरॅसिलच्या पुढे गेलं, तो एर्लिख असायटिस, म्हणजे पोटातल्याच पाण्यात वाढणाऱ्या पेशींचा. थोडक्यात, जिथे पेशी, तिथेच थेट एन्झाइम. तपासलेल्या एका मेलॅनोमात, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगात, तर जगण्याचा कालावधी वाढलाच नाही. माणसाची गाठ निदान होते तेव्हा ती २४ तासांची नसते, अनेकदा कित्येक वर्षं वाढलेली असते. आणि मेसेज वाचणारा माणूस इंजेक्शन घेत नाही, तो कॅप्सूल गिळतो नाहीतर अननस खातो. औषधी ब्रोमेलेन मुख्यतः अननसाच्या खोडातून काढतात, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. एन्झाइम म्हणजे प्रथिन. पोटात गेलं की बरंचसं पचतं. जे थोडं रक्तात पोचतं, ते गाठीपर्यंत काम करण्याइतकं पोचतं याचा पुरावा नाही.

वनस्पतींच्या एन्झाइमवर गंभीर संशोधन होत नाही असं मात्र नाही. पोटाच्या पोकळीत म्यूसिन हा चिकट पदार्थ साठवणारा एक दुर्मीळ आजार आहे, स्यूडोमिक्सोमा पेरिटोनिआय. त्यात ब्रोमेलेन आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन यांचं मिश्रण नळीवाटे थेट त्या साठ्यात सोडण्याचं काम सिडनीत झालं. २० रुग्णांच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीत अनेकांचं म्यूसिन विरघळलं. शरीरात दाहाची प्रतिक्रियाही उठली, म्हणून रुग्णांवर बारीक लक्ष ठेवावं लागलं. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण त्या रुग्णांपुढे दुसरे पर्याय थोडेच असतात. पण इथे एन्झाइमचं काम चिकट पदार्थ विरघळवण्याचं आहे, तेही विशिष्ट आजारात, विशिष्ट जागी. त्यावरून जेवणानंतरच्या कॅप्सूलबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

कर्करोगात पक्कं स्थान मिळालेलं एन्झाइम म्हणजे अ‍ॅस्परॅजिनेज. लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, ते दशकानुदशकं वापरात आहे. ल्युकेमियाच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल बाहेरून लागतं, हे एन्झाइम ते आम्ल रक्तातच तोडून टाकतं आणि पेशी उपाशी मरतात. याचा माग १९५३ मध्ये गिनिपिगच्या रक्तद्रवावरच्या एका प्रयोगात लागला. औषध म्हणून ते जिवाणूंपासून बनवतात आणि इंजेक्शननेच देतात. त्याने अ‍ॅलर्जी होते, स्वादुपिंडाला सूज येते, रक्ताच्या गुठळ्या होतात. खरोखर काम करणारं एन्झाइम असं असतं: नेमकं आणि जपून द्यावं लागणारं.

तोंडाने एन्झाइम देऊन कर्करोग हटवण्याचा प्रयोगही माणसांवर झालेला आहे. शस्त्रक्रिया न करता येण्याजोग्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ५५ रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ३२ जणांनी स्वतःहून प्राण्यांच्या स्वादुपिंडातली एन्झाइम, विशेष आहार आणि पूरक गोळ्या असा मार्ग निवडला, २३ जणांनी केमो. एन्झाइम गटातल्या निम्म्या रुग्णांचा ४.३ महिन्यांत मृत्यू झाला होता. केमोच्या गटात हाच आकडा १४ महिन्यांचा होता. गट चिठ्ठी टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे तुलना निर्दोष नाही. तरी एवढा फरक नजरेआड करण्यासारखा नाही.

‘पेटंट नाही म्हणून दडपतात.’ या मुद्द्यात एक खरी वेदना आहे. पेटंट संपलेल्या औषधाच्या मोठ्या चाचणीसाठी कंपनी पैसे घालत नाही. तो पैसा सरकारी संस्था, विद्यापीठं, धर्मादाय निधी यांच्याकडून यावा लागतो आणि तो अपुरा पडतो. यावर आवाज उठवायलाच हवा. पण ‘दडपलं’ म्हणणं वस्तुस्थितीला धरून नाही. १९६१ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलेलं थॅलिडोमाइड हे औषध आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारात आहे. आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे जुनं विषच. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी ते एका विशिष्ट ल्युकेमियात वापरून पाहिलं आणि आज रेटिनोइक आम्ल या औषधाच्या जोडीने ते त्या आजाराचा मुख्य उपचार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या काही मिनिटं आधी एका गटाला गाठीभोवती लिडोकेन टोचलं. भूल देण्याचं हे अगदी साधं, स्वस्त औषध. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के निघालं. हे २०२३ मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या एका आघाडीच्या नियतकालिकात उघडपणे छापून आलं.

अ‍ॅस्पिरिनचं पाहा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतल्या चाचणीत आतड्याच्या ज्या कर्करोगात पीआयके३ या पेशींना वाढीचे संदेश देणाऱ्या मार्गातला जनुकीय बदल होता, तिथे रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिनने आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्मा झाला. स्तनाच्या कर्करोगात मात्र तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन तर सगळ्यांचं लाडकं होतं. प्रयोगशाळेतले निकाल उत्साहवर्धक होते, मधुमेही रुग्णांच्या नोंदी आशादायक होत्या. ३६४९ रुग्णांच्या चाचणीत स्तनाचा कर्करोग उलटण्यावर त्याने काही फरक पडला नाही. लिडोकेन, अ‍ॅस्पिरिन, मेटफॉर्मिन ही सगळी औषधं स्वस्त, पेटंट नसलेली. काही टिकली, काही गळाली. निवाडा चाचणीने केला.

‘नैसर्गिक आहे म्हणून डॉक्टरांना नको असतं’ याला एका ओळीत उत्तर आहे: व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीतून आलं, पॅक्लिटॅक्सेल यू झाडाच्या सालीतून, आणि दोन्ही रोज वापरली जातात.

उरला शेवटचा मुद्दा, ‘तोटा काहीच नाही.’ मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. जपानमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका वृद्ध स्त्रीला फेनबेंडाझोलमुळे यकृताची इजा झाल्याची नोंद आहे. आधी संशय चालू इम्युनोथेरपीवर जाण्यासारखा होता, कारण गोळीबद्दल डॉक्टरांना माहीत नव्हतं. ब्रोमेलेन रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो आणि केमोत प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात. त्याहून मोठं नुकसान वेळेचं. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात बरा होण्याजोगा कर्करोग असताना फक्त पर्यायी उपचार निवडलेल्या २८१ जणांची नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी तुलना केली. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट होता आणि स्तनाच्या कर्करोगात पाच पटींहून जास्त.

घरात कुणी यातलं काही आधीच घेत असेल तर त्यांच्याशी भांडू नका आणि लपवायलाही लावू नका. पुढच्या भेटीला ती बाटली किंवा पाकीट सोबत न्या. नाव, ताकद, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून, हे डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर त्या भेटीची वाट न बघता आधीच फोन करून कळवा.