ताप उतरला म्हणजे आजार गेला? आत्यांचा फॉरवर्ड आणि माझा भाचा

परवा दुपारी ताईचा फोन आला, रडकुंडीला आलेली. पोरगं दीड वर्षाचं, तापाचा सहावा दिवस, जुळे सोलापुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं कावासाकी (लहान पोरांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) वाटतोय, आजच ॲडमिट करा. आणि नेमका त्याच वेळेला फॅमिली ग्रुपवर आत्यांचा फॉरवर्ड. डोळे-ओठ लाल आणि अंगावर पुरळ म्हणजे अंगातली उष्णता, सब्जा आणि धण्याचं पाणी पाजा, ताप दहा-बारा दिवसांत आपोआप उतरतो, कावासाकी हे नाव बिल वाढवायला काढलंय, ॲस्पिरिन पोरांना विष आहे. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. दाजी मला विचारतात, दोन दिवस थांबून बघू का? डोकंच फिरलं.

उष्णतेचं आधी. अहो, उष्णतेनं हे होत असतं तर मे महिन्यात ४२ च्या वर पारा गेला की अख्ख्या सोलापूरची पोरं ॲडमिट झाली असती की. आणि नाव कुणी बिलासाठी काढलेलं नाही, तोमिसाकू कावासाकी म्हणून जपानी बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९६१ ला पहिला पेशंट बघितला आणि १९६७ ला ५० पोरांची नोंद छापली.

लक्षणं बघा. पाच दिवस ताप, औषधानं तेवढ्यापुरता उतरतो आणि परत चढतो. दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लालभडक फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, अंगावर पुरळ, तळहात-तळपाय सुजलेले, मानेत गाठ. सगळी एकदम दिसतीलच असं नाही, वर्षाच्या आतल्या बाळात तर बऱ्याचदा दोन-तीनच दिसतात आणि तिथंच चुकतं. भाच्याच्या दंडावर बीसीजी लसीची जुनी खूण लाल होऊन टरारली होती, ताईला वाटलं डास चावला. डॉक्टरांनी बाही वर करून पहिलं तेच बघितलं. गोवरही असाच दिसू शकतो, मान्य, पण ते घरी बसून ठरवायचं का?

आता खरा घातक मुद्दा, 'आपोआप उतरतो'. हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त राग येतो. ताप उतरतो, काही न करता पण उतरतो. पण हा आजार रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आहे, आणि ती सूज हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत गेली की तिथं भिंत सैल पडून फुगा येतो, त्यात गुठळी झाली तर एवढ्याशा पोराला हार्ट ॲटॅक. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या गाईडलाईनमध्ये सरळ लिहिलंय, उपचार नाही केले तर साधारण चारातल्या एका पोराच्या वाहिन्या बिघडतात, वेळेत इम्युनोग्लोब्युलिनचं (रक्तातल्या अँटीबॉडीजचं) इंजेक्शन दिलं तर हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास येतं. वेळेत म्हणजे ताप आल्यापासून १० दिवसांच्या आत. आणि आत्यांचा मेसेज काय सांगतो, दहा-बारा दिवस धण्याचं पाणी पाजत बसा! बरोबर तेवढेच दिवस घालवा म्हणे.

बिलाचं म्हणाल तर हो, ते इंजेक्शन महाग आहे, मी काही नाही म्हणत नाही. हजारो लोकांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनतं, किलोमागं २ ग्रॅम लागतं, म्हणजे १० किलोच्या पोराला २० ग्रॅम.

ॲस्पिरिनचंही तसंच. तापात पोरांना घरी ॲस्पिरिन द्यायची नाही हे बरोबरच, त्यानं मेंदू आणि लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. पण या आजारात डॉक्टर मोजून देतात, गुठळी होऊ नये म्हणून, आणि मधेच फ्लू किंवा कांजिण्या झाल्या तर लगेच कळवा असं बजावतात.

भाच्याची ड्रिप रात्रभर चालली, काल दुपारपासून ताप नाही. पहिला इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आलाय, अजून दोन व्हायचेत, सहा आठवड्यांपर्यंत. या इंजेक्शनमुळं गोवराच्या लसीचा पुढचा डोस आता ११ महिने पुढं ढकललाय. आत्या, राग मानू नका, पण तो मेसेज ग्रुपवरून काढा, आणि अक्कलकोटच्या मावशींना पण पाठवलाय ना तुम्ही, त्यांच्या नातवाला परवापासून ताप आहे, त्यांना आधी फोन लावा.