कोलेस्टेरॉलच्या ‘घोटाळ्या’चा मेसेज आणि त्यातली तोडलेली वाक्यं

“भाऊ, बाकीच्या सगळ्या द्या, फक्त ती कोलेस्टेरॉलची नको.” माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चिठ्ठी हातात घेतानाच मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. परवा आलेल्या काकांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय. का नको, म्हणून विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, एवढंच काय, केमिस्ट मंडळींच्या ग्रुपवरही येऊन गेलेला.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी सारांश: अमेरिकेनं २०१५ साली कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवलं. हार्ट अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मलच असतं. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा १०० तल्या एकालाच फायदा होतो. उलट तिनं स्नायू झिजतात, डायबेटीस होतो. हा सगळा औषध कंपन्यांनी पैसे चारून उभा केलेला घोटाळा आहे. तेव्हा गोळी बंद करा आणि लसूण, आलं, लिंबाचा काढा घ्या. ब्लॉकेज आपोआप उघडतात.

हे लिहिणारा माणूस अडाणी नाही. काढ्याचं सोडलं तर जवळपास प्रत्येक वाक्य कुठल्यातरी खऱ्या गोष्टीवरून उचललंय. फक्त सोयीच्या जागी तोडलंय.

अमेरिकेपासून सुरुवात करू. २०१५ साली तिथल्या आहारविषयक सल्लागार समितीनं रोज ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढून टाकायला सांगितलं, हे खरं. पण ती मर्यादा ताटातल्या कोलेस्टेरॉलवर होती. अंड्यातलं कोलेस्टेरॉल आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, आणि तूप, लोणी, पाम तेलातल्या संपृक्त चरबीनं ते अंड्यापेक्षा जास्त वाढतं. त्यावर आधारलेल्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत संपृक्त चरबी एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली ठेवा, असं लिहिलेलं आहे. ते मेसेजमध्ये आलं नाही. रक्तातल्या एलडीएलला कुणीही निर्दोष ठरवलेलं नाही.

आता ‘निम्म्या लोकांचं नॉर्मल’. हा आकडाही खरा आहे. अमेरिकेत २००० ते २००६ या काळात हृदयविकारानं दाखल झालेल्या १,३६,९०५ रुग्णांचे रिपोर्ट तपासले गेले. जवळपास निम्म्यांचं एलडीएल १०० च्या खाली होतं. पण हे रक्त दाखल झाल्यावर पहिल्या २४ तासांत घेतलेलं होतं, आणि हार्ट अटॅकनंतर एलडीएल खाली येतं. शिवाय पाचातला एक रुग्ण आधीपासूनच कोलेस्टेरॉलचं औषध घेत होता. संशोधकांनी निष्कर्ष काय काढला? आपण ज्याला नॉर्मल म्हणतो ती पातळीच जास्त असावी, लक्ष्य आणखी खाली आणण्याचा विचार करा. मेसेजवाल्यानं आकडा ठेवला आणि निष्कर्ष उलटा केला.

नॉर्मल हा शब्दच इथे फसवा आहे. लॅबच्या रिपोर्टवरची मर्यादा म्हणजे तज्ज्ञांनी ठरवलेली एक रेघ. निरोगी धमन्यांना जेवढं हवं तिथेच ती असेल असं नाही. हे २००६ साली एका जनुकानं दाखवून दिलं. पीसीएसके-९ नावाचं हे जनुक काही कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांत जन्मतःच बिघडलेलं असतं, त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर सरासरी २८ टक्के कमी राहतं. अशा ८५ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा त्यातल्या फक्त एकाला धमनीविकारानं गाठलं. त्याच अभ्यासातल्या बाकीच्या कृष्णवर्णीय सहभागींत हेच प्रमाण १०० त जवळजवळ १० होतं. या ८५ जणांचं एलडीएल ना गोळीनं उतरलं होतं ना काढ्यानं. कुठल्या कंपनीला कुणाच्या जन्माआधी जाऊन जनुक विकत घेता येत नाही, म्हणून मला हा पुरावा सगळ्यांत आवडतो.

‘१०० तला एक’ हा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेत एका प्रसिद्ध स्टॅटिनची जाहिरात ‘३६ टक्के धोका कमी’ अशी झळकायची. त्यामागच्या चाचणीत ब्लडप्रेशर असलेले, पण हृदयविकार न झालेले १०,३०५ लोक होते. सव्वातीन वर्षांत खऱ्या गोळीच्या गटात १०० जणांना आणि खोट्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या गोळीच्या गटात १५४ जणांना हार्ट अटॅक आला किंवा त्यानं मृत्यू आला. म्हणजे १०० त तीनाचे दोन झाले. ३६ टक्केही खरं आणि शंभरात एकही खरं. कंपनीनं मोठा दिसणारा आकडा छापला, मेसेजवाल्यानं छोटा दिसणारा. धंदा दोघांचा एकच.

पण शंभरात एक कोणाच्या? ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांच्या, आणि तोही सव्वातीनच वर्षांत. स्टेंट असलेल्या काकांसाठी वेगळा हिशेब लागतो. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. साडेपाच वर्षांच्या आसपास खोट्या गोळीच्या गटात २५६ माणसं गेली, सिमव्हास्टॅटिन या स्टॅटिनच्या गटात १८२. हे आकडे मृत्यूचे आहेत, कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टचे नाहीत. त्या लोकांत दर ३० जणांमागे एक जीव वाचला. उलट कुणी पस्तिशीचा, बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू नाही, घरात कुणाला लहान वयात त्रास नाही, आणि रिपोर्टवर थोडासा तांबडा आकडा बघून गोळी मागतोय, तर मीच त्याला आधी डॉक्टरांना विचार म्हणतो. पंचाहत्तरीपुढच्या, हृदयविकार नसलेल्या माणसांबाबतही पुरावा बराच पातळ आहे. सरसकट गोळी चघळायला लावणाऱ्यांवर टीका जरूर व्हावी. ती मेसेजमधली टीका नव्हे.

आता पाय दुखण्याचं. काउंटरवर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, आणि तिच्यावर झालेला एक प्रयोग इतका चतुर आहे की तो सविस्तर सांगायलाच हवा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी ६० अशी माणसं घेतली, ज्यांनी त्रास होतो म्हणून दोनच आठवड्यांत स्टॅटिन सोडलं होतं. प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत स्टॅटिन, चारांत हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, आणि चार रिकाम्या. क्रम आलटून पालटून. रोज त्रासाला शून्य ते १०० मधले गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी गुण ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. गोळी गिळली की त्रास दुप्पट होत होता, पण गोळीत औषध आहे की नाही यानं जवळपास फरक पडत नव्हता. २०२० साली हे निकाल आल्यावर ज्याचे त्याचे आकडे त्याला दाखवले, तेव्हा त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

याचा अर्थ ते नाटक करत होते असा अजिबात नाही. त्रास खरा होता. भीतीनं पोटात गोळा येतो तो काही खोटा नसतो. आणि थोडा वाटा औषधाचाही आहेच. ऑक्सफर्डच्या गटानं २०२२ साली मोठ्या चाचण्यांची बेरीज केली, तेव्हा पहिल्या वर्षात दर १,००० जणांमागे साधारण ११ जणांना गोळीमुळेच स्नायू दुखले, असं निघालं. पुढच्या वर्षांत तो फरक जवळपास उरला नाही. स्नायू खरोखर विरघळण्याचा गंभीर प्रकार अगदी विरळा, पण तोही घडतो. सेरिव्हास्टॅटिन हे औषध त्यापायीच २००१ साली जगभरातून काढून घ्यावं लागलं. लघवी चहासारखी काळपट झाली, अंग गळून गेलं, तर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. नुसते गुडघे कुरकुरत असतील तर डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन देता येतं, स्टॅटिन नसलेली औषधंही आहेत. डायबेटीसचा धोकाही थोडा वाढतो, हे खरं: २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा डायबेटीस. बहुतेक तो आधीच काठावर असतो.

कंपन्या साधू नाहीत, हे मला सांगायची गरज नाही. त्यांचे प्रतिनिधी माझ्या दुकानात रोज येतात. पण सगळ्या चाचण्या विकत घेता येत असत्या तर टॉरसेट्रापिबचं काय झालं असतं? फायझर या औषध कंपनीनं या गोळीवर सुमारे ८० कोटी डॉलर ओतले होते. तिनं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणवणारं एचडीएल ७२ टक्के वाढवलं, एलडीएलसुद्धा उतरवलं. रिपोर्टवर सगळं छान. तरी १५,०६७ जणांच्या चाचणीत गोळीवाल्यांत ९३ आणि खोट्या गोळीवाल्यांत ५९ मृत्यू झाले. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीलाच तो प्रकल्प गुंडाळावा लागला. म्हणूनच मी रिपोर्टमधल्या आकड्यांपेक्षा माणसं किती जगली ते आधी बघतो, आणि स्टॅटिन त्या परीक्षेत उतरलंय. उरला नफा. जाहिरातीतलं ते प्रसिद्ध स्टॅटिन म्हणजे एटोरव्हास्टॅटिन, त्याचं अमेरिकेतलं पेटंट २०११ सालीच संपलं. आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी आधीपासून देशी कंपन्या ती बनवतात, किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. दहा मिलिग्रॅमची गोळी दहा रुपयांच्या आत येते. खरं सांगायचं तर प्रोटीन पावडरचा एक डबा विकला की त्या गोळ्यांच्या कितीतरी पट्ट्यांएवढे पैसे मला सुटतात.

काढ्याबद्दल थोडक्यात. लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल वगैरेंच्या कॅप्सूल, खोटी गोळी आणि कमी डोसचं स्टॅटिन अशी तुलना २०२२ साली अमेरिकेत सुमारे २०० जणांवर २८ दिवस झाली. स्टॅटिननं एलडीएल ३८ टक्क्यांच्या आसपास उतरलं, बाकी एकाही पदार्थानं खोट्या गोळीहून धड जास्त काही केलं नाही. लसणाच्या गटात तर ते किंचित वाढलं. (पैसा स्टॅटिन बनवणाऱ्या कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवा.) आणि ब्लॉकेजमध्ये साचलेला कॅल्शियमचा थर लिंबानं विरघळायचा तर ते आधी पोटातून रक्तात आंबट उतरायला हवं. तसं होत नाही.

काकांना मी यातलं सगळं काही सांगितलं नाही. मागे रांग होती. बाटल्यांचा प्रयोग तेवढा सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, मांडी चोळली आणि म्हणाले, “मग एकच पट्टी द्या. दहा दिवस रोज लिहून ठेवतो कधी दुखतं ते, आणि ती वही डॉक्टरांना दाखवतो.”