घरात कोणी नसलं तरी दिवा लागतो म्हणे!

आज नात्यातल्या एका घरी वास्तुशांतीला जाऊन आले. घर छान, जेवण उत्तम, यजमानांबद्दल मनात काही नाही. पण डोक्यात जे घुमतंय ते लिहून टाकल्याशिवाय झोप यायची नाही.

तर देवघर. संगमरवरी, मागे जाळीचं नक्षीकाम, त्यातून झिरपणारा पिवळा उजेड. इथवर ठीक. मग यजमानांनी मोबाइल काढला. संध्याकाळी सात वाजले की एलईडीची समई आपोआप उजळते, स्पीकरवर शुभं करोति लागतं, पाठोपाठ रामरक्षा. आणि मग अगदी छाती फुगवून ते वाक्य: "आम्ही दोघं ऑफिसात, लेक क्लासला. घरात कोणी नसलं तरी दिवा लागतो!"

सगळे म्हणाले, वा वा. माझ्या ओठांवर आलं होतं, अहो, मग लागतो कुणासाठी? पण पंगतीत बसून कोण वाद घालणार. गिळलं.

उजेडासाठी समई लावायची गरज घरात वीज आली तेव्हाच संपली होती. तरी आपल्या आया-सासवा लावत राहिल्या. त्यासाठी हातातलं काम टाकून उठायला लागायचं. हातपाय धुवायचे, वातीवरची काजळी झटकायची, तेल घालायचं, काडी ओढायची. अंगणातून पोरांना ओढून आणायचं. शुभं करोति झालं की परवचा, आणि एकोणतिसाच्या पाढ्याला हमखास रडारड. त्यात देव किती होता मला माहीत नाही. पण दिवसातून एकदा अख्खं घर एका सतरंजीवर असायचं, हे तर खरं ना?

आमच्या नानांचं सांगते. नाना म्हणजे माझे सासरे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते आणि पक्के नास्तिक. १९८९ मध्ये दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, तेव्हापासून साताऱ्यात त्यांचं व्याख्यान असलं की नाना पहिल्या रांगेत. घरी सत्यनारायण असला की हे मुद्दाम बाजारात. पण तिन्हीसांजेला सासूबाई समईजवळ गेल्या की नाना उठून बातम्या बंद करायचे. हात जोडायचे नाहीत, पुटपुटायचे नाहीत. वात नीट धरेपर्यंत नुसते बसायचे, मग पुन्हा बातम्या.

सासूबाई गेल्या. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. संध्याकाळी मी कणीक मळत होते तर देवाजवळ खुडबुड ऐकू आली. बघते तर नाना, मांडी घालून, काडेपेटी हातात. वात तेलात नीट भिजवलेली नव्हती, त्यामुळे नुसती चरचरत होती. मी म्हटलं, "नाना, तुम्ही?"

माझ्याकडे न बघता म्हणाले, "डब्यात तेल उरलंय तिचं. संपवतोय."

ते तेल काही संपलं नाही. पुढची कित्येक वर्षं वाण्याच्या यादीत सगळ्यात खाली, नानांच्या वळणदार अक्षरात, 'तिळाचं तेल' असायचं. आम्ही कोणी त्यावर बोललो नाही. बोललो असतो तर हट्टाने बंद केलं असतं त्यांनी.

आता मला सांगा, नानांच्या जागी टायमर बसवून कसं चालेल?

हो, दोघं नोकरीला असली की सातला घरी कोण असणार, कबूल आहे. मीही लोकलला लोंबकळत घरी आलेय. मग रात्री साडेनऊला लावा की. घरी आलात, चप्पल काढलीत, हातपाय धुतलेत, लावा. वेळ टळली म्हणून शास्त्रात बसत नाही म्हणणाऱ्यांनी आधी टायमर कुठल्या शास्त्रात बसतो ते सांगावं.

आणि ते ऊर्जावाले! हल्ली एक नवीनच पीक आलंय. घराची ऊर्जा वाढवा, अमुक कोपऱ्यात मीठ ठेवा, तमुक दिशेला आरसा नको, आणि या सगळ्याचा ऑनलाइन कोर्स, फी भरून. ज्या घरात बाप-लेक चार-चार दिवस एकमेकांशी बोलत नाहीत तिथे ईशान्य कोपरा काय करणार, कपाळ? आपल्याकडे आषाढातली अमावस्या दिव्यांची होती. घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, कणकेचे गोड दिवे उकडायचे, तूप घालून खायचे. आता आठवडाभर आधीपासून गटारीचे विनोद फिरतात. त्यावर कुणी कोर्स काढत नाही.

एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्पीकरवरच्या रामरक्षेची सोबत होते, तेवढं मात्र मानते.

पण खरा राग वेगळाच आहे, लिहिता लिहिता कळतंय. आजच्या त्या घरात "आम्ही संस्कार जपलेत" हे सोफ्यावर रेलून पुरुष सांगत होते, आणि वहिनी स्वयंपाकघरात पातेली रिकामी करत होत्या. घर मंगल ठेवायचं, वाती वळायच्या, पितळ घासायचं, उपास धरायचे, आणि महिन्यातले चार दिवस तिनेच देवापासून लांब बसायचं. वर तिला सांगायचं की बाईमुळे घराला घरपण आहे. गाडगेबाबा आयुष्यभर खराटा हातात घेऊन गावं झाडत फिरले आणि रात्री कीर्तन करत राहिले. त्या महाराष्ट्रात झाडणारी एक आणि पुण्य सगळ्या घराचं? जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणसाच्या मधले दलाल हटवायला. आपण नवे दलाल मोबाइलमध्ये भरून घेतले.

माझी लेक आठवी-नववीत असताना एकदा समईशी घुटमळत होती. नाना कुठेतरी लग्नाहून दमून आले होते, म्हणाले, "लाव गं तूच आज." ती काही बोलेना, माझ्याकडे बघत राहिली. नानांना समजलं. म्हणाले, "दिव्याला काय कळतंय? ओढ काडी." आणि बातम्या बंद करून बसले. आमच्या घरातली शिवाशिव त्या संध्याकाळी संपली. ना चर्चा, ना ठराव. एका नास्तिकाने संपवली, हे आमच्या आत्याबाईंना अजून पचलेलं नाही.

त्यामुळे राग राग करत बसण्यापेक्षा आज घरी येऊन एक फर्मान काढलं आहे. लावणाऱ्यानेच घासायचं, आणि वाराप्रमाणे पाळी. लेकाने लगेच गुरुवार मागितला, कारण त्या दिवशी तो घरून काम करतो. नवऱ्याच्या वाट्याला शनिवार आलाय. समई चिंचेने घासायची असते आणि चिंच आधी भिजत घालावी लागते, एवढं त्याला सांगून ठेवलंय. चिंच कुठल्या डब्यात आहे हे त्याने विचारलं, ते मात्र मी सांगणार नाही.